पुरचुंडी

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, खोलीत दिवा मंद ठेवावा लागतो, पडद्यावरचं नीट दिसावं म्हणून. पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, डावा हात उशाशी घ्यायला सांगायचं. छातीवर गार जेल लागलं की माणूस हमखास दचकतो. मग प्रोब बरगड्यांच्या फटीत टेकवून थोडा कलता केला की हृदय समोर येतं. नाशिकच्या एका हॉस्पिटलात मी अकरा वर्षं हेच काम करते आहे. रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते, पण पहिली नजर माझी पडते.

निरोगी हृदयाचा डावा कप्पा सगळ्या बाजूंनी एकदम आत येतो, ओलं फडकं पिळावं तसा. ॲटॅक येऊन गेलेल्या हृदयात एखादी भिंत या कामात सामील होत नाही. बाकीच्या आत येतात, ती जागच्या जागी उभी राहते. जखम ताजी असेल तर भिंतीची जाडी शाबूत दिसते, हालचाल तेवढी नसते. काही महिन्यांनी तीच भिंत पातळ होते आणि पडद्यावर पांढुरकी चमकायला लागते. तिथे आता स्नायू उरलेला नसतो, वण असतो. मेलेली भिंत आणि धडधाकट भिंत यांच्या मधे एक पट्टी असते. ती हलते, पण अर्धवट, थकलेल्या माणसासारखी. मला सगळ्यात जास्त वेळ बघत राहावंसं वाटतं ते या पट्टीकडे.

२०१९ च्या ऑक्टोबरात त्या टेबलावर माझे वडील होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. निफाड तालुक्यात आमची द्राक्षाची बाग आहे आणि तो गोडी छाटणीचा, म्हणजे फळासाठीच्या छाटणीचा, दिवस होता. सकाळी सातला छाटणीची माणसं बागेत शिरली आणि आठच्या सुमाराला दादांच्या छातीत जळजळायला लागलं. घाम फुटला, डावा हात जड झाला. आदल्या रात्री उशिरा जेवले होते, तेव्हा पित्तच असणार असं सगळ्यांनी धरलं. आईने लिंबू पिळून सोडा दिला. जवळच्या एका दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन मिळालं, ईसीजी कोणी काढला नाही. दादा परत येऊन बांधावर बसले आणि छाटणी बघत राहिले, कारण माणसांची रोजंदारी चालू होती. मला फोन आला तो दुपारी दीडला. तीनला ते कॅथलॅबमधे होते. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणारी मोठी शीर, एलएडी, उगमाजवळच बंद होती. स्टेंट पडला, शीर उघडली. पण तोवर सात तास निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशीचा इको माझ्या सहकारी मुलीने केला. मी तिच्या मागे उभी होते. हृदयाचं टोक आणि पुढची भिंत गप्प होती. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं जेवढं रक्त बाहेर पडतं ते, ३५ टक्के. ५५ च्या वर असलं की आम्ही नॉर्मल म्हणतो. असे आकडे मी हजारो लोकांचे उतरवले आहेत. हा आकडा लिहिताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, त्याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे.

दादा तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. आपल्याकडे पहिला ॲटॅक बाकीच्या जगापेक्षा लवकर येतो. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांचं मध्यम वय ५३ निघालं, इतरांचं ५९ च्या आसपास. माझ्या टेबलावर पस्तिशीतली मुलंही येतात. त्यांना ती मेलेली भिंत घेऊन पुढची तीस-चाळीस वर्षं काढायची असतात.

"ताई, ती भिंत परत हलंल का गं?" वॉर्डाबाहेरच्या बाकावर आईने विचारलं होतं. मी तिला खरं तेच सांगितलं. काही भाग नुसता बधिर झालेला असतो, तो काही दिवसांनी, आठवड्यांनी जागा होतो. जो मेला तो मेला.

कातडी भरून येते, हाड सांधतं, यकृताचा तुकडा काढला तर ते पुन्हा वाढतं. मग हृदयच का नाही? याचं उत्तर ज्या रीतीने सापडलं ती मला फार विलक्षण वाटते. १९५० नंतरच्या दहा-बारा वर्षांत अणुबॉम्बच्या इतक्या चाचण्या उघड्यावर झाल्या की हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण भसकन वाढलं. उघड्यावरच्या चाचण्या थांबवणाऱ्या १९६३ च्या करारानंतर ते हळूहळू उतरत गेलं. हा कार्बन झाडांत आला, धान्यात आला, धान्यातून माणसांत. जी पेशी ज्या साली जन्मली त्या सालच्या हवेची खूण तिच्या डीएनएमधे राहिली. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी या खुणेवरून हृदयाच्या स्नायुपेशींचं वय काढलं आणि २००९ साली निष्कर्ष छापला: पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी बदलतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. आख्ख्या आयुष्यात निम्म्यासुद्धा बदलत नाहीत. म्हणजे दादांच्या हृदयातल्या निम्म्याहून जास्त पेशी त्यांच्याबरोबरच जन्मलेल्या. बैलगाडीतून शाळेत गेलेल्या, पहिली बाग लावताना हजर असलेल्या. मोठ्या ॲटॅकमधे अशा शंभर कोटींच्या घरात पेशी काही तासांत जातात. वर्षाला अर्धा-एक टक्का या गतीने ती भर कशी पडणार?

निसर्गाला हे जमतच नाही असंही नाही. गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्या-नाल्यांत सापडणारा, बोटाच्या पेराएवढा झेब्रामासा हृदयाचा पाचवा हिस्सा कापला तरी दोन महिन्यांत ते पूर्ववत करतो. अमेरिकेतल्या प्रयोगांतून २००२ साली हे पुढे आलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशाच्या हृदयावर काम चालतं. जखम झाल्यावर तयार होणारं एक प्रथिन हृदय भरून यायला मदत करतं, असं तिथल्या गटाने २०२१ मधे दाखवलं. उंदराचं एका दिवसाचं पिल्लूसुद्धा हृदयाचा कापलेला भाग भरून काढतं. ते सात दिवसांचं झालं की ही ताकद संपते.

मेलेल्या भिंतीला काही तरी बाहेरून द्यावं, ही ओढ जुनी आहे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६० च्या दशकात सापाच्या हृदयावरून एक उपाय काढला होता. सापाच्या हृदयाचा स्नायू बराचसा रक्त कप्प्यातूनच शोषून घेतो, त्याला आपल्यासारख्या शिरांची तितकी गरज नसते. तेव्हा माणसाच्या हृदयाच्या भिंतीलाही बारीक भोकं पाडली तर कप्प्यातलं रक्त थेट स्नायूत झिरपेल, असा त्यांचा विचार. सुयांनी त्यांनी ते करूनही पाहिलं. भोकं पुढे बुजून जातात हे नंतर लक्षात आलं. पण परळच्या त्या ऑपरेशन थिएटरात कोणाला तरी सापाचं हृदय आठवावं, ही गोष्ट मला कधीही ऐकली तरी अंगावर काटा आणते.

मग आल्या मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा पेशी. या कथेचा हा भाग सांगताना मला त्रास होतो, कारण त्यात फसलेली माणसं माझ्या टेबलावरच्या माणसांसारखीच होती. २००१ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात पिएरो अन्व्हेर्सा यांच्या गटाचा निबंध आला: अस्थिमज्जेतल्या मूलपेशी उंदराच्या जखमी हृदयात टोचल्या आणि तिथे नवा स्नायू तयार झाला. जगभर आनंद झाला. पुढच्या काही महिन्यांतच माणसांवर प्रयोग सुरू झाले. २००४ मधे त्याच 'नेचर'मधे दोन वेगळ्या गटांनी लिहिलं की आम्हाला असा नवा स्नायू कुठेच दिसत नाही. पण गाडी थांबली नाही. अखेर २०१८ साली हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल यांनीच कळवलं की अन्व्हेर्सांच्या प्रयोगशाळेच्या ३१ निबंधांत खोटी किंवा फिरवलेली माहिती आहे, ते मागे घ्यावेत. सतरा वर्षं! तोवर किती रुग्णांनी त्या आशेवर छाती पुढे केली असेल. युरोपात अस्थिमज्जेच्या पेशींनी मृत्यू टळतात का हे एकदाचं ठरवण्यासाठी ३,००० रुग्णांची चाचणी आखली होती. त्यात ३७५ च मिळाले आणि प्रश्न तसाच राहिला.

तरीही या सगळ्या गोंधळात एक गोष्ट खरी होती. टोचलेल्या पेशी काही दिवसांत मरून जात, शोधूनही सापडत नसत, आणि तरी प्राण्यांच्या हृदयाचं काम थोडं सुधारलेलं दिसे. म्हणजे औषध पोचवून पोस्टमन निघून गेल्यासारखं. २००५ मधे व्हिक्टर झाऊ यांच्या गटाने पेशी टोचल्याच नाहीत. ज्या द्रवात त्या वाढवल्या होत्या तो गाळून तेवढाच दिला, आणि गुण तसाच आला.

मग त्या द्रवात आहे काय? सिंगापूरच्या साई किआंग लिम आणि नेदरलँड्समधले त्यांचे सहकारी यांनी हे पाणी अक्षरशः चाळलं. बारीक चाळणीतून खाली गेलेलं उंदरांना दिलं तर काही उपयोग नाही. चाळणीवर उरलेलं, आकाराने मोठं, ते दिलं तर ॲटॅकची जखम लहान राहते. आणि हे उरलेलं इतकं मोठं होतं की ते सुटं प्रथिन असणं शक्य नव्हतं. २०१० साली त्यांनी नाव घेऊन सांगितलं: पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पुटिका. एक्झोसोम.

पुटिका हा पुस्तकी शब्द झाला. मला तो वाचताना आमच्या आजीची कापडी पिशवी आठवली. त्या पिशवीत पुरचुंड्या असायच्या. वर्तमानपत्राच्या एका तुकड्यात ओवा, एकात सुंठ, एकात हळकुंड, चिंधीत गाठ मारलेले सुटे पैसे. गावात कोणी बाळंतीण झाली की आजी स्वतः जायची नाही, गुडघ्यांनी जमायचं नाही. एखाद्या पोराच्या हातात डिंकाची आणि खसखशीची पुरचुंडी द्यायची आणि बरोबर निरोप: आधी तुपात फुलव म्हणावं, मग कूट कर. पुरचुंडी आणि निरोप दोन्ही पोचले की तिकडे लाडू व्हायचे, आजी इकडे ओट्यावर.

पेशीचं हुबेहूब असंच चालतं. तिच्या पोटात बारीक बारीक पुरचुंड्या वळल्या जातात, प्रत्येकीवर तिच्याच आवरणाचं कापड. आकार ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत शेकड्यांनी ओळीने मावतील. आत प्रथिनं असतात, स्निग्ध पदार्थ असतात आणि आरएनएच्या चिठ्ठ्या असतात. त्यातल्या मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम बावीस अक्षरांच्या चिठ्ठ्या. नवं काही बनव असं त्या बहुतेक वेळा सांगत नाहीत. हे बनवणं आता थांबव, असा त्यांचा निरोप असतो. पुरचुंडी दुसऱ्या पेशीला चिकटते, आत शिरते, आणि त्या पेशीचं वागणं बदलतं.

आणि याच पुरचुंड्यांना जगाने बरीच वर्षं कचरा म्हटलं. १९८३ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन मेंढीच्या कोवळ्या तांबड्या रक्तपेशी बघत होत्या. पेशी पक्व होताना लोह आत घेणारी प्रथिनं टाकून देते. ती जातात कशी, तर बारीक पिशव्यांत बांधून बाहेर. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सेंट लुईसमधल्या गटालाही उंदरांच्या पेशींत हेच दिसलं. जॉनस्टोनबाईंनी पुढे १९८७ मधे या पिशव्यांना एक्झोसोम हे नाव दिलं. पण घरातलं नको असलेलं सामान पेशी दाराबाहेर ठेवते, एवढाच अर्थ लोकांनी काढला. १९९६ मधे कळलं की या पिशव्या रोगप्रतिकारक पेशींशी बोलतात. २००७ मधे स्वीडनमधल्या यान लॉटव्हाल यांच्या गटाने त्यांच्या आत आरएनए असल्याचं दाखवलं, आणि तिथून सगळ्यांचे डोळे उघडले.

ॲटॅक आलेल्या हृदयात या पुरचुंड्या काय करतात, ते मी माझ्या पट्टीकडे बघत समजून घेतलं. शीर बंद झाली की आतल्या थरापासून स्नायू मरायला लागतो. शीर उघडली की रक्त धावून येतं, त्याबरोबर आणखी एक घाव बसतो, कारण उपाशी पेशींना एकदम आलेला ऑक्सिजन आणि कॅल्शियम सोसत नाही. मग पांढऱ्या पेशी साफसफाईला येतात. त्यांनी मेलेलं उचलायला हवंच. पण त्या पेटून उठलेल्या असतात, शेजारच्या जिवंत पेशींनाही चटके बसतात आणि काठावरच्या कितीतरी पेशी नंतरच्या दिवसांत मरतात. मूलपेशींच्या पुरचुंड्या इथे कामाला येतात. पेटलेल्या पेशींना त्या शांत करतात, काठावरच्या पेशींची मरायची तयारी थांबवतात, नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनायमधे एदुआर्दो मार्बान यांच्या गटाने २०१४ मधे अशाच एका चिठ्ठीवर बोट ठेवलं, मायक्रोआरएनए १४६-ए. ती दाह आवरणारी चिठ्ठी आहे.

मेलेली भिंत यातून उठत नाही. हे मला ठळक सांगायचं आहे, कारण याच जागी लोकांना फसवलं जातं.

२०२२ च्या उन्हाळ्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाकट्या भावाने एक व्हिडिओ टाकला. कुठल्याशा शहरातलं क्लिनिक, पांढऱ्या कोटातला माणूस, एक्झोसोमची सलाईन, 'हृदय पुन्हा तरुण'. तीन सलाईन, सहा लाख. भाऊ म्हणाला, एक एकर गहाण टाकू, दादांपेक्षा जमीन मोठी नाही. त्याचं मन मला कळत होतं. ॲटॅकच्या दिवशी तो बागेतच होता आणि पित्त म्हणणाऱ्यांत तोही होता. गेली अडीच वर्षं तो त्या सात तासांची भरपाई शोधत होता.

मी त्या नंबरवर फोन केला. बाटलीतल्या पुटिका कोणत्या पेशींच्या आहेत, हे विचारलं. "स्टेम सेलच्या, मॅडम." कुठल्या स्टेम सेल, नाळेच्या की मज्जेच्या? एका बाटलीत किती? कशावरून मोजल्या? क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नंबर काय? पलीकडून एकच उत्तर येत राहिलं, "रिझल्ट हंड्रेड पर्सेंट आहे, मॅडम." मी फोन ठेवला आणि बराच वेळ हात थरथरत होता.

आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्वच्छ आहेत: रक्ताचे काही आजार सोडले तर मूलपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच व्हावा. आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. सहा लाख मागितले, इथेच सगळं कळलं. अमेरिकेत २०१९ च्या डिसेंबरात एफडीए या तिथल्या औषध-नियामक संस्थेने एक्झोसोमच्या बाबतीत जाहीर इशारा दिला, तो नेब्रास्कातल्या रुग्णांना अशा मालाने गंभीर अपाय झाल्यावर. तेव्हा एकही एक्झोसोम औषध त्यांनी मंजूर केलेलं नव्हतं.

सज्जन संशोधकांच्या अडचणी बघितल्या की कळतं हे काम सलाईनच्या बाटलीत का मावत नाही. पेशी ज्या मनःस्थितीत असेल तशी पुरचुंडी बांधते. पोटभर ऑक्सिजन मिळालेल्या पेशीची वेगळी, घुसमटलेल्या पेशीची वेगळी, म्हाताऱ्या पेशीची आणखी वेगळी. आज काढलेला घाणा आणि पुढच्या महिन्यातला घाणा सारखा निघेल याची खात्री देणं हेच मोठं काम. गोळा करताना प्रथिनांचा इतर गाळ बरोबर येतो. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४, २०१८ आणि २०२३ अशी तीनदा नियमावली काढली, आणि पुटिकेचा उगम सिद्ध करता येत नसेल तर एक्झोसोम हा शब्दसुद्धा वापरू नका, असा तिचा आग्रह आहे. शिवाय हातातल्या शिरेतून दिल्या तर बहुतेक पुरचुंड्या यकृत आणि प्लीहा पकडतात, हृदयापर्यंत फार थोड्या पोचतात. मार्बान यांच्या गटाने डुकरांवर करून पाहिलं: हृदयाच्या शिरेतून सोडल्या तर गुण नाही, स्नायूत थेट टोचल्या तर वण लहान झाला. कोलंबिया विद्यापीठात २०१८ मधे त्या जेलच्या पट्टीत भरून उंदरांच्या हृदयावर चिकटवल्या, हळूहळू झिरपाव्यात म्हणून. २०२४ मधे के चेंग यांच्या गटाने नेब्युलायझरमधून श्वासावाटे दिल्या आणि उंदीर, डुकरं यांच्या हृदयाला फायदा झाला. दम्याच्या पोराला देतो तसं यंत्र लावून हृदयाला औषध! हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

पण सगळ्यात जास्त मी विचार करते तो पॅरिसच्या फिलिप मेनाशे यांचा. हे हृदयाचे सर्जन. २००० साली त्यांनी जगात पहिल्यांदा एका रुग्णाच्या मांडीच्या स्नायूतल्या पेशी वाढवून त्याच्या जखमी हृदयात टोचल्या. नंतर ९७ रुग्णांची रीतसर चाचणी केली. हृदयाचं काम सुधारलं नाही, आणि २००८ मधे त्यांनी ते तसंच छापलं. मग भ्रूणाच्या मूलपेशींपासून हृदयपेशींच्या पूर्वज तयार करून त्यांची पट्टी हृदयावर बसवली, एकूण सहा रुग्णांत. त्यातून त्यांचंही मन या निष्कर्षावर आलं की पेशी टिकत नाहीत, काम त्यांच्या स्रावाचं आहे. आता ते तशाच पूर्वज पेशींच्या पुटिका शिरेतून देऊन बघतात. २०२४ मधे पहिल्या रुग्णाची हकिकत छापून आली. त्याचं हृदय ॲटॅकने नव्हे, वेगळ्या आजाराने थकलेलं आहे. आणि चाचणी डझनभर माणसांची, आधी एवढंच बघायला की याने अपाय तर होत नाही ना.

आपण ज्यासाठी ओळखले जातो तीच गोष्ट चालत नाही असं स्वतःच मोजून, स्वतःच छापून, पुन्हा पहिल्यापासून बसायचं. दोन तपं हेच. त्या सहा लाखांच्या बाटलीसमोर मला हा माणूस उभा करावासा वाटतो.

पेशींचं दुकान बंद झालंय असंही नाही. २०२५ मधे इराणमधल्या शिराझच्या चाचणीत, ॲटॅकनंतर लवकर नाळेतल्या मूलपेशी हृदयाच्या शिरेतून दिलेल्या रुग्णांत पुढे हार्ट फेल्युअरचं प्रमाण कमी दिसलं. ३९६ रुग्ण होते. मृत्यूंच्या संख्येत मात्र फरक पडला नाही. कदाचित त्या पेशीसुद्धा मरता मरता पुरचुंड्याच वाटून जात असतील.

२०२२ च्या त्या उन्हाळ्यात, तोवर जेवढं मला माहीत होतं तेवढंही मी भावाला फोनवर सांगू शकले नाही. रविवारी गावी गेले. बागेत दादा होते, एप्रिलची खरड छाटणी नुकतीच झालेली, ओलांडे, म्हणजे तारेवरचे वेलाचे आडवे हात, उघडे पडलेले. मी बोलत होते, भाऊ मान खाली घालून ऐकत होता. दादा एका वेलाशी थांबले. त्याचा एक ओलांडा हातभर वाळला होता, नखाने साल खरवडली तर आत तपकिरी.

"हा फुटत नाही आता," दादा म्हणाले. "किती बी पेस्ट लाव." मग बोट पुढे सरकवत जिथे साल हिरवी होती तिथे आणलं. "इथले दोन डोळे धरून ठेवायचे. हे गेले म्हणजे पुढचं बी गेलं. हे राहिले तर काडी वळवून तारेवर घेता येते." आणि भावाकडे बघून, "तुझी ताई हेच सांगती. जमीन राहू दे."

गहाणखत झालं नाही. दादांच्या गोळ्या चालू राहिल्या, मीठ कमी झालं, सकाळचं चालणं बांधावरून गावच्या वेशीपर्यंत वाढलं. ही कामं कोणाच्या व्हिडिओत येत नाहीत, पण त्या काठावरच्या पट्टीवरचा ताण आज तरी त्यांनीच उतरतो.

दरवर्षी गोडी छाटणी उरकली की दादा इकोला येतात. आता मीच करते. मागच्या खेपेला टेबलावर चढताना त्यांनी विचारलं, "ताई, ते पुरचुंडीवाले कुठवर आले?" दर वर्षी विचारतात. मी नेब्युलायझरचं सांगितलं, पॅरिसचं सांगितलं. "माणसांवर?" "थोड्या माणसांवर. आधी अपाय नाही ना, ते बघतायत." "बरोबर आहे," ते म्हणाले. "नवं औषध आधी चार वेलांवरच मारून बघायचं असतं."

मी दिवा मंद केला. जेल लागल्यावर ते दचकले. टोक तसंच होतं, पांढरं, उभं. मी प्रोब कलता करून काठावर आणला.

"दादा, श्वास सोडा. आता धरून ठेवा."

पट्टी आत आली. थोडी कमी, थोडी उशिरा, पण आली. मी चित्र थांबवलं आणि आतल्या कडेने रेघ ओढायला घेतली. बेचाळीस.